दाढ काढल्यावर हिरडीतून टोचतंय ते मूळ की हाड? (इंदूर)

रामबागवाली

नमस्कार मंडळी. आईची (वय ६१) खालची उजवीकडची दाढ काढून तीन आठवडे होत आलेत. पर्चीवर दाताचा नंबर ४६ लिहिलाय, म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. त्या दाढेचं रूट कॅनाल बऱ्याच वर्षांपूर्वी झालं होतं, वर कॅप होती. कॅपच्या आत कीड लागून दाढ हिरडीलगत मोडली, म्हणून काढावी लागली. सरळ निघाली नाही. बरने (दात कापायच्या फिरत्या हत्याराने) कापून दोन्ही मुळं वेगवेगळी काढली, दोन काळे टाके घातले. ते आठव्या दिवशी काढले.

दुखणं, सूज, ताप, काही नाही. पण तीन-चार दिवसांपासून जिभेकडच्या बाजूला हिरडीतून पांढरं, कडक असं काहीतरी वर आलंय. जीभ लागली की टोचतं. खड्डा अजून पूर्ण भरलेला नाही, तळाशी पिवळसर दिसतं. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.४.

विचारायचं असं की हा दाताचा तुकडा राहिलाय का? राहिला असेल तर काढावाच लागतो का, की आपोआप बाहेर येतो? आणि तळाशी पिवळं दिसतं तो पू आहे का?

---

पलासिया_दंत

काकूंना टोचतंय ते बहुधा हाड आहे. दुखणं नाही, तिसरा आठवडा आणि जागा जिभेकडची, एवढं ऐकल्यावर पहिला संशय हाडाच्या कडेवरच जातो. दाताचा तुकडा असूच शकत नाही असं नाही, पण त्याची शक्यता दुसरी.

खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला साधारण दोन मुळं असतात, एक पुढे आणि एक मागे. त्यांच्यामध्ये हाडाचा पडदा असतो. गालाकडे एक आणि जिभेकडे एक अशा हाडाच्या दोन भिंती असतात. दाढ कापून काढताना या पडद्याची किंवा भिंतीची कड पातळ आणि टोकदार राहू शकते, कधी तिचा कपचा सुटतो. सुटलेल्या कपच्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो मरतो, आणि वरची हिरडी भरत येते तसं शरीर त्याला बाहेर ढकलतं. याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. दोन आठवड्यांपासून तीनेक महिन्यांपर्यंत केव्हाही असे कपचे वर येतात, एकामागून एक दोन-तीनही येऊ शकतात. बर चालवताना सलाईनची धार कमी पडली तर हाड तापतं. ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशी मरतात, मग तो थर नंतर सुटून येतो. म्हणून कापून काढलेल्या दाढेनंतर हा प्रकार जास्त दिसतो.

चांगल्या उजेडात, आरसा घेऊन पाहा. हाडाचा कपचा फिकट पांढरा किंवा हस्तिदंती, खरखरीत, कड वेडीवाकडी. मुळाचा तुकडा पिवळट, गुळगुळीत, गोलाई असलेला, आणि मधोमध कॅनालचा ठिपका. काकूंच्या बाबतीत तर ओळखणं आणखी सोपं, कारण रूट कॅनाल झालेल्या मुळाच्या मध्यभागी गुलाबी-नारिंगी रंगाची गटापर्चा (रबरासारखी भरणी) भरलेली असते. तो रंग दिसला की मूळच. करडं, धातूसारखं चमकणारं दिसलं तर जुन्या चांदीच्या भरणीचा कण. दवाखान्यात आम्ही प्रोबचं, म्हणजे तपासायच्या बारीक सळईचं, टोक लावून पाहतो: दाताला काचेसारखा टक् आवाज येतो, हाडाला बोथट. घरी मात्र काहीही टोचून पाहू नका.

तळाचं पिवळसर म्हणजे पू असेलच असं नाही. भरत्या जखमेवर फायब्रिनचा पांढरट-पिवळा थर येतो, तो खरवडायचा नसतो. पू असेल तर दाबल्यावर वाहतो, चव खारट-घाण लागते, बाजूची हिरडी लाल आणि ठणकणारी होते. मोठ्या दाढेच्या खड्ड्याचं तोंड हिरडीने झाकायला चार ते आठ आठवडे लागू शकतात. आत हाड भरायला चार ते सहा महिने. तिसऱ्या आठवड्यात खड्डा दिसणं स्वाभाविक आहे, शुगर असेल तर जरा जास्तच.

आता करायचं काय. जिथे दाढ काढली तिथेच जाऊन आरव्हीजी काढून घ्या, म्हणजे त्याच दाताचा छोटा डिजिटल एक्स-रे. एक नको, दोन कोनांतून मागा. एक्स-रे सपाट असतो, तुकडा गालाकडे आहे की जिभेकडे ते एका फोटोत कळत नाही. दुसऱ्या फोटोला एक्स-रेची नळी थोडी मागे सरकवली की जिभेकडची वस्तू नळीच्याच दिशेला सरकलेली दिसते, गालाकडची उलट दिशेला. फोटोत मुळाच्या तुकड्याभोवती बारीक काळी रेघ असते, ती त्याच्या आवरणाची जागा. शिवाय गटापर्चाची ठळक पांढरी रेघ. हाडाचा पातळ कपचा मात्र कधीकधी फोटोत दिसतही नाही, म्हणून ‘एक्स-रेत काही नाही’ एवढ्यावर विषय संपत नाही, बोटाने आणि प्रोबने तपासावं लागतं.

कपचा हलत असेल तर बधिर करणारी जेली लावून चिमट्याने निघतो, इंजेक्शनही लागत नाही. घट्ट असेल आणि नुसती कड वर आली असेल तर थोडी भूल देऊन, हिरडी जराशी सरकवून, फाईलने कड घासून गुळगुळीत करायची आणि एक टाका. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आणि एक प्रश्न, कृपया याचं उत्तर द्या: आई हाडं ठिसूळ होण्यावरची गोळी घेतात का? आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी? किंवा वर्षातून एकदा, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन? पूर्वी मान-जबड्याला रेडिएशन?

---

औषधवाला_छावणी

दुकानाच्या बाजूने थोडं. या तक्रारीवर लोक थेट अमोक्सिसिलिन-क्लॅव्हची पट्टी मागतात. सूज, ताप, पू नसताना हाडाच्या कपच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. कपचा मेलेला आहे, औषध तिथे पोचत नाही. पू झाला असेल तरी आधी तो काढावा लागतो, गोळी नंतर.

दुखलंच तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिग्रॅ, दोन गोळ्यांत किमान सहा तास, या वयात दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरतात. आयबुप्रोफेन ४०० चांगलं चालतं, पण शुगरसोबत किडनीचा त्रास, बीपीची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी किंवा अल्सर असेल तर विचारल्याशिवाय नको.

गुळण्यांना कोमट पाण्याचा ग्लास आणि अर्धा छोटा चमचा मीठ. जेवणानंतर दर वेळी. पाणी तोंडात धरून डोकं डावी-उजवीकडे कलवायचं, खळाखळा जोर लावायचा नाही. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के द्यायचं झालं तर १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा, पाच-सात दिवस. ब्रश केल्यावर लगेच घेऊ नये, अर्धा तास जाऊ द्यावा, पेस्टमधल्या फेसकारक द्रव्याने त्याचा असर कमी होतो. आठवड्यापेक्षा जास्त चालवलं की दातांवर तपकिरी डाग आणि जिभेची चव बिघडते. तक्रार घेऊन येणारे बरेच जण महिनाभर घेत असतात.

लवंगेचं तेल नुसतं लावू नका, हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायचा प्रकार अजून चालतो, त्याने पांढरा चट्टा पडून कातडी सोलते. खड्ड्यात हळदपूड भरणंही नको. भावना चांगली असते, पण ती पूड तळाशी बसून राहते आणि जखम भरायला अडवते.

खाण्याचं म्हणाल तर पोह्यांवरची शेव काही दिवस बाजूला. शेवेचे बारीक तुकडे, खसखस, तीळ, साबुदाणा खिचडीतला दाण्याचा कूट नेमके त्या खड्ड्यात बसतात. भुट्ट्याचा कीस मऊ असतो, मिरची कमी घालून चालेल. गराडू (तळलेला कंद) नको.

---

नंदलालपुरा_११

माझं सरळ मत: दात काढायला पैसे दिले तर पूर्ण निघायला हवा. मूळ राहिलं म्हणजे काम अर्धवट. पुढे गाठ होईल, सिस्ट (पाण्याची पिशवी) होईल. उघडून सगळं साफ करून घ्या, विषय संपवा.

---

मुखशल्य_इंदूर

@नंदलालपुरा_११, ‘सगळं काढलंच पाहिजे’ हे ऐकायला बरोबर वाटतं, पण शस्त्रक्रियेत तसा नियम नाही. मुळाचं टोक ४-५ मिमीपेक्षा लहान आहे, हाडात खोल आहे, त्याच्याभोवती संसर्ग नाही, आणि ते काढायला जाऊन जबड्याची नस, सायनस (वरच्या दाढांवरची हवेची पोकळी) किंवा बरंच हाड जाणार आहे, अशा वेळी ते तिथेच सोडणं हा मान्य निर्णय आहे. अट अशी की रुग्णाला त्याच दिवशी सांगायचं, कागदावर लिहायचं, एक्स-रे ठेवायचा. न सांगता सोडलं तर ते चुकीचं, मग टोक कितीही निरुपद्रवी असो.

खालच्या अक्कलदाढेत तर मुळं मुद्दाम ठेवण्याची पद्धतच आहे, कोरोनेक्टॉमी. मूळ जबड्याच्या नसेला चिकटलेलं दिसलं की फक्त वरचा भाग कापून काढतात, मुळं हाडाच्या कडेपासून ३-४ मिमी खाली नेऊन सोडतात आणि वर टाके घालतात. पहिल्या सहा महिने-वर्षात ती मुळं दोन-चार मिलिमीटर वर सरकतात, मग बहुतेक थांबतात. सरकल्यामुळे नसेपासून लांब जातात, पुढे कधी काढावी लागली तरी धोका कमी. वर कापलेल्या मुळावर हाड भरून येतं.

टोक मोडतं का, तर दर वेळी हात वाकडा पडल्यामुळे नाही. मूळ टोकाशी वळलेलं, टोक फुगलेलं, हाडाला जुळलेलं असेल तर ते मोडणारच. रूट कॅनाल झालेल्या दातात आधीच पोकळी करून भिंती पातळ झालेल्या असतात, वर आतून कीड, म्हणजे चिमट्याला पकडायला धड जागा नाही. वरच्या पहिल्या छोट्या दाढेची दोन मुळं इतकी बारीक असतात की सरळ काढतानाही टोक तुटतं.

काढायचंच ठरलं तर क्रम असा. दिवा, सक्शन, सलाईन. रक्तात बुडालेलं टोक दिसत नाही, आणि न दिसता खोदणं हीच सगळ्यांत मोठी चूक. रूट टिप पिक नावाचं बारीक हत्यार मूळ आणि हाड यांच्यामधल्या फटीत घालायचं आणि बाजूला हलवत मूळ सैल करायचं. टोकाच्या डोक्यावर दाब द्यायचा नाही. खाली दाबलं तर खालच्या जबड्यात नसेच्या नळीकडे, अक्कलदाढेत जिभेकडची पातळ भिंत फोडून जबड्याखालच्या जागेत, आणि वरच्या जबड्यात सायनसमध्ये जातं. एवढ्याने न निघाल्यास हिरडीचा पडदा उचलून गालाकडच्या हाडाला छोटी खिडकी करायची, सलाईनच्या धारेखाली, आणि टोक त्या खिडकीतून बाजूला काढायचं.

सिस्टबद्दल: आधी संसर्ग नसलेलं टोक सहसा वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. पण दाढ काढतानाच एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली (संसर्गाची खूण) असेल, पू असेल, तर तो तुकडा ठेवायचा नाही, लहान असला तरी. तुमचा मुद्दा तिथे बरोबर आहे.

काढलेले तुकडे ट्रेवर जुळवून दाखवायला सांगावं, ही सवय रुग्णांनीही लावून घ्यावी. मुळाचं टोक गोलसर, निमुळतं आणि अखंड असलं तर पूर्ण आलं. सपाट, धारदार कापल्यासारखं असलं तर काही आत आहे.

---

रामबागवाली

सगळ्यांचे आभार. आज दाखवून आलो. दोन कोनांतून आरव्हीजी काढले. दोन गोष्टी निघाल्या. जिभेकडे ४ मिमीचा पातळ हाडाचा कपचा होता, हलत होता, डॉक्टरांनी जेली लावून चिमट्याने काढला. खरखरीत, हस्तिदंती, अगदी वर लिहिलंय तसा. रक्त दोन थेंब.

दुसरं म्हणजे मागच्या मुळाचं टोकही आत आहे. साधारण ३ मिमी, खोल, त्यात पांढरी रेघ दिसते. भोवती काळी सावली नाही असं म्हणाले.

आणि @पलासिया_दंत, हो. आई पाच वर्षांपासून अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा घेते. दाढ काढायच्या फॉर्मवर असा रकाना नव्हता. इंजेक्शन नाही, रेडिएशन नाही. गोळी लगेच बंद करायची का? आणि ते ३ मिमीचं टोक आता काढून घ्यावं का?

---

मुखशल्य_इंदूर

टोक काढू नका. गोळीही आपल्या मनाने बंद करू नका.

अ‍ॅलेंड्रोनेट हाड झिजवणाऱ्या पेशींना थांबवतं. मणक्यासाठी, खुब्यासाठी ते चांगलं. पण जबड्यात दात काढल्यावर जुनं हाड झिजून नवं बसायचं असतं, ती क्रिया मंदावते. फार थोड्या लोकांत खड्ड्यातलं हाड मरून उघडं पडतं, त्याला औषधाशी संबंधित जबड्याचा ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. तोंडाने घ्यायच्या गोळीवर हा धोका कमी असतो, कॅन्सरसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडवर कितीतरी जास्त. मात्र चार वर्षांच्या पुढे गोळी चालू असेल, सोबत शुगर किंवा स्टेरॉइड असेल तर आम्ही जरा सावध राहतो. काकू त्या गटात आहेत.

म्हणून ३ मिमीच्या टोकासाठी पुन्हा हिरडी उघडून हाड कोरणं हा उलटा व्यवहार. टोकाला संसर्ग नाही, कॅनाल भरलेला आहे, नवीन जखम मात्र नक्की होणार. एक गोष्ट स्पष्ट करतो: टोक ठेवायचा निर्णय घेताना मुळाच्या आतली नस जिवंत असली तर बरं असं मानतात, इथे रूट कॅनालमुळे ती नाहीच. त्यामुळे लक्ष थोडं जास्त ठेवायचं. सहा महिन्यांनी आरव्हीजी, मग वर्षाने. टोकाभोवती काळी सावली आली, गालाकडे फोड येऊन पू आला, दाबल्यावर दुखलं, तर काढायचं. तेव्हा आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करून नसेच्या नळीपर्यंतचं अंतर मोजायचं. आज सीबीसीटीची गरज नाही, कुणी सांगितलं तर कशासाठी ते विचारा.

कपचा निघालाय तिथे हिरडी मिटते का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं. साध्या माणसात कपचा निघाला की आठवड्यात जागा गुळगुळीत होते. व्याख्येप्रमाणे अशी औषधं घेणाऱ्याच्या जबड्यात हाड आठ आठवड्यांपेक्षा जास्त उघडं राहिलं, किंवा हिरडीतल्या छिद्रातून प्रोब हाडाला लागत राहिला, आणि जबड्याला रेडिएशन झालेलं नसेल, तर ऑस्टिओनेक्रोसिस मानून चालतात. तेव्हा दर दोन आठवड्यांनी दाखवा, आठ आठवडे पुरे होईपर्यंत. ‘दुखत नाही म्हणून गेलो नाही’ असं करू नका. हे हाड सुरुवातीला दुखत नाही.

गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाढ काढल्याचं कळवा. पाच वर्षं झाली की तसंही ती पुढे चालू ठेवायची का याचा फेरविचार होतो, डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि आधीचं फ्रॅक्चर पाहून. तो निर्णय त्यांचा. सीटीएक्स नावाच्या रक्ततपासणीवरून जबड्याचा धोका ठरवता येत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

वाचणाऱ्या इतरांसाठी: सहा महिन्यांचं डेनोसुमॅब इंजेक्शन असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा डोस लांबला की मणक्याची फ्रॅक्चरं होऊ शकतात, म्हणून ते परस्पर चुकवायचं नाही. दात काढायची वेळ त्या डोसभोवती बसवायची, साधारण शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी.

---

सुदामानगर_अ

याच विषयात: वरची दाढ काढताना मागे मूळ राहिलं, आणि पाणी प्यायलं की नाकातून येतं. हे पण थांबून पाहायचं का?

---

पलासिया_दंत

नाही. आजच दाखवा.

वरच्या मोठ्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला लागून असतात, मध्ये कधी कागदाएवढं हाड, कधी नुसता पडदा. पाणी नाकातून येतंय म्हणजे तोंड आणि सायनस यांच्यात वाट झाली आहे. मूळ सायनसमध्ये गेलंय, की पडदा आणि हाड यांच्यामध्ये अडकलंय, की अजून खड्ड्यातच आहे, हे सीबीसीटीने कळेल. टाळूकडचं मूळ सर्वांत जास्त वेळा निसटतं.

तोपर्यंत नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, बिडी-सिगरेट नाही, फुगा किंवा शंख फुंकणं नाही. नाक दाबून फुंकून भोक आहे का ते स्वतः तपासू नका. बारीक असलेला पडदा त्यानेच फाटतो. २ मिमीपर्यंतचं भोक रक्ताची गाठ टिकली तर सहसा आपोआप मिटतं. २ ते ६ मिमीला आडवा-उभा आठच्या आकाराचा टाका आणि दोन आठवडे पथ्य. त्याहून मोठं असेल तर गालाकडची किंवा टाळूची हिरडी सरकवून झाकावं लागतं. उशीर केला की वाटेला कातडीचं अस्तर चढतं, सायनसला संसर्ग होतो, मग आधी संसर्ग बरा करायचा, नंतर ऑपरेशन.

मूळ सायनसमध्ये असेल तर ‘राहू द्या’ हा सल्ला लागू नाही. ते तिथे फिरतं आणि संसर्ग धरतं.

---

लोकमान्यनगर_आई

सहा वर्षांच्या मुलाची दुधाची दाढ काढताना मुळाचं बारीक टोक राहिलंय असं सांगितलं. काढलं नाही. ठीक आहे का?

---

पलासिया_दंत

ठीक आहे. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कवेत खालच्या कायमच्या दाताचा कोंब असतो. बारीक टोकासाठी खोदलं तर तो कोंब दुखावतो. टोक आपोआप विरघळतं किंवा कायमचा दात येताना हिरडीशी वर येऊन पडतं. हिरडीवर पुळी आली तर दाखवा.

---

ओरलमेडिसिन_मालवा

वरच्या सगळ्या चर्चेत एक जागा रिकामी राहिलीय आणि आपल्या भागात ती रिकामी ठेवणं परवडत नाही. तंबाखू, गुटखा, सुपारी.

काढलेल्या दाताचा खड्डा न भरण्याचं कारण नेहमी हाडाचा कपचा किंवा मूळ नसतं. कधीकधी दात हललाच मुळी तिथल्या कॅन्सरमुळे असतो, आणि दात काढल्यावर ती गाठ खड्ड्यातून वर येते. दिसायला ती भरत्या जखमेच्या लाल मांसासारखी दिसते. फरक असे: खड्डा मिटण्याऐवजी मांस कडेच्या बाहेर फुगतं, हात लावताच रक्त येतं, कड उंच आणि हाताला टणक लागते, ओठ किंवा हनुवटी बधिर पडते, बाजूचे दात हलायला लागतात, मानेत गाठ लागते. यातलं काही दिसलं, किंवा तोंडातला कुठलाही व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर पुन्हा खरवडून औषध भरत बसायचं नाही, बायोप्सी करायची. भुलेखाली छोटा तुकडा घेतात. एक्स-रेत हाड कसर लागलेल्या कापडासारखं कुरतडलेलं दिसलं तर आणखी घाई.

सुपारी-गुटख्याने तोंड उघडणं कमी झालेलं असेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तर दाढ काढणंच अवघड होतं, हत्यार सरळ बसत नाही आणि मुळं मोडतात. दाढ काढायच्या आधी हे तोंडाने सांगा, बसल्यावर कळण्यापेक्षा बरं.

शासकीय दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिन आणि ओरल सर्जरी असे वेगवेगळे विभाग आहेत. न भरणाऱ्या जखमेसाठी दोन्हीकडे पाठवलं जाऊ शकतं, कंटाळून मध्येच परत येऊ नका. जुना एक्स-रे सोबत न्या.

आणि थांबायचंच नाही असं केव्हा: जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज वाढत जाणं, ताप, तोंड दोन बोटंही न उघडणं, गिळताना लाळ गळणं, आवाज घोगरा, श्वासाला त्रास. ही दंतवैद्याची अपॉइंटमेंट घ्यायची वेळ नाही, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत. शुगरवाल्यांमध्ये ही सूज तासांत पसरते.

---

रामबागवाली

आईला तंबाखू-सुपारी काही नाही. कपचा काढलेली जागा आता बोटाला मऊ लागते. शेवटचा प्रश्न: त्या जागी पुढे दात बसवायचा आहे. ते ३ मिमीचं टोक आड येईल का?

---

मुखशल्य_इंदूर

ब्रिजला (बाजूच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या दाताला) आड येत नाही, टोक हाडात खोल आहे. इम्प्लांटला येतं, कारण त्याचा स्क्रू हाडात नेमका त्याच जागेत जातो. मग टोक काढणं आणि ड्रिल एकदम करावं लागतं, आणि अ‍ॅलेंड्रोनेट पाच वर्षं घेतलेल्या, शुगर असलेल्या व्यक्तीत मी तरी ब्रिजच सुचवेन. काढता-घालता येणारी प्लेट नको. तिचा दाब बरोबर त्या पातळ हिरडीवर पडतो आणि खाली हाडाची कड असेल तर तिथेच घासून हाड उघडं पडतं.

माप घ्यायची घाई करू नका. हिरडी-हाडाची उंची पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांत जास्त उतरते. आधी ब्रिज बसवला तर त्याखाली फट पडते आणि अन्न अडकतं. आठ आठवड्यांची तपासणी नीट गेली की बारा आठवड्यांनंतर माप. ब्रिजच्या मधल्या दाताखालून बारीक ब्रश फिरेल एवढी जागा ठेवायला सांगा. आजच्या दोन्ही आरव्हीजींच्या फाइल मागून घ्या आणि ब्रिज करणाऱ्यांना द्या, नाहीतर त्यांच्या एक्स-रेत ते टोक नवीन दिसेल आणि कुणीतरी पुन्हा काढायला निघेल.